गुलमोहर लावण्यापूर्वी

आमच्या अंगणात एक गुलमोहर होता. आजोबांनी तो कुंपणाच्या भिंतीपासून जेमतेम तीन फुटांवर लावला होता. बारा-तेरा वर्षांत मुळांनी भिंत फोडली, आणि दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, ऐन फुलोऱ्यात असताना, वादळात तो मुळांसकट शेजाऱ्यांच्या पत्र्यावर आडवा झाला. "झाडच वाईट," असे शेजारी म्हणाले. आजोबा काही बोलले नाहीत. मला मात्र ते पटले नाही, म्हणून मी माहिती काढू लागलो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने झाडावर का लिहावे, याचे कारण एवढेच.

गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरच्या कोरड्या, पानगळीच्या जंगलांतला. बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेले त्याचे शास्त्रीय नाव १८२९ साली प्रसिद्ध झाले. आज तो इतका आपला झाला आहे की साताऱ्यात १९९९ पासून १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो. आमचे मूळ गाव भालकीकडचे. त्यामुळे आज्जी त्याला कन्नडमध्ये 'केंपु तुराई' म्हणते, म्हणजे लाल तुरा. इथले तेलुगू शेजारीही 'तुराई'च म्हणतात. फूल हातात घेऊन पाहावे: चार पाकळ्या लालभडक, आणि पाचवी उभी, पांढरट-पिवळी, लाल शिंतोड्यांची. हाच तो तुरा.

आता मुळांविषयी. गुलमोहराची मुळे खोल जात नाहीत, जमिनीलगत लांबवर पसरतात. त्यात हैदराबादची जमीन म्हणजे वर थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली ग्रॅनाइटचा खडक. खाली वाट नाही म्हटल्यावर मुळे आडवी धावतात. वर डोलारा तीस-चाळीस फूट उंच आणि तेवढाच रुंद छत्रीसारखा. भिंत किंवा फरशी एका बाजूची मुळे अडवते, नळासाठी खणलेला चर दुसऱ्या बाजूची तोडतो, आणि मग वळवाचे एक वादळ पुरते. म्हणून घर, भिंत व नळ यांपासून निदान पंधरा-वीस फूट जागा सोडावी. खड्डा तीन फूट लांब, रुंद व खोल घेऊन मुरूम फोडावा आणि मातीत कुजलेले शेणखत मिसळावे. पाणी साचणारी जागा नको; ऊन भरपूर हवे.

रोप बियांपासून सहज होते. फूट-दीड फूट लांबीच्या वाळक्या शेंगेतले बी दगडासारखे कठीण असते. त्याची एक कड कानशीने किंचित घासावी, रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे, म्हणजे ते लवकर रुजते. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. पुढे झाड आपले आपण पाहते. उलट मोठ्या झाडाला सारखे पाणी आणि खत दिले तर नुसती पालवी माजते. कोरड्या दिवसांत पाने झडणे हा त्याचा स्वभावच आहे. "झाड वाळले" म्हणून घाबरू नये.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वळण लावणे. याचे लाकूड ठिसूळ. लहानपणी फांद्या वाटेल तशा वाढू दिल्या तर पुढे त्या आपल्याच भाराने बेचक्यात फाटतात. सात-आठ फुटांपर्यंत एकच सरळ खोड ठेवावे, आणि खोडाच्या निम्म्याहून जाड होऊ पाहणारी बाजूची फांदी वेळीच आखूड करावी. मोठेपणी कुऱ्हाड चालवण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे.

ज्यांचे अंगण लहान आहे त्यांनी शंकासुर लावावा. फुले तशाच थाटाची, पण झुडूप आठ-दहा फुटांचे, आणि भिंतीशी त्याचे वैर नाही.

आमच्या अंगणात आता शंकासुरच आहे. गुलमोहराचे रोप गेल्या पावसाळ्यात गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या मैदानात लावले, चारी बाजूंनी टेपने अंतर मोजून. टेपचे दुसरे टोक आजोबांनी धरले होते. फुले कधी येतील, असे त्यांनी विचारले. "पाच वर्षांत," असे मी सांगितले. कधी कधी दहा वर्षेही लागतात, हे सांगितले नाही.