चिप देशात बनेल, पण चालवून कोण बघणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या ‘सेमिकॉन इंडिया’त ‘विक्रम’ प्रोसेसर पंतप्रधानांच्या हाती दिला गेला, तेव्हापासून चिपच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. साणंद आणि धोलेराचे चिप कारखाने, गुंतवणुकीचे आकडे, हे सगळं वाचून झालं आहे. पण कारखान्यातून निघालेली चिप घेऊन नवं सर्किट पहिल्यांदा उभं करायचं असतं ते कुणाच्या तरी टेबलावर, आणि आपली तयारी तिथेच कच्ची आहे.

इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत आजही सोल्डर न करता भाग खोचायचा ब्रेडबोर्डच दिसतो. त्याच्या भोकांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर. १९६८ ची ७४१ आणि १९७२ ची ५५५ या आयसी त्यात चपखल बसतात. आजच्या कित्येक चिपच्या पिनांमध्ये मात्र अर्ध्या मिलिमीटरचं अंतर असतं. ‘क्यूएफएन’ प्रकारच्या चिपला बाहेर आलेल्या पिनाच नसतात, ‘बीजीए’ प्रकारात सोल्डरचे गोळे पोटाखाली दडलेले. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला बसल्यावर हे मुलांच्या लक्षात येतं. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळून तयार मॉड्यूल आणायचं, चार वायरी जोडायच्या, रिपोर्ट बांधायचा. मॉड्यूलमधलं सर्किट कुणी वाचत नाही.

ॲडॉप्टर बोर्डवर चिप सोल्डर करून ती ब्रेडबोर्डात खोचता येते, आणि सावकाश चालणाऱ्या कामाला ते पुरतं. वेग वाढला की अडचण सुरू. ब्रेडबोर्डाच्या शेजारच्या पट्ट्यांमध्ये काही पिकोफॅरड कपॅसिटन्स असतोच, शिवाय लांब वायरींचा इंडक्टन्स. चिपच्या पिनेला खेटून हवा असलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन इंच दूर गेला, तर त्याचा उपयोग उरत नाही.

इथे जिम विल्यम्स यांचं काम बघायला हवं. लिनियर टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीतले हे ॲनालॉग सर्किटचे उस्ताद २०११ मध्ये गेले. कोऱ्या तांब्याच्या बोर्डावर ते चिप उलटी ठेवत, पाय वर, आणि सुटे भाग हवेतच एकमेकांना सोल्डर करत. या पद्धतीला इंजिनीअर ‘मेलेला किडा’ म्हणतात. खालचं सगळं तांबं ग्राउंड असल्यामुळे परतीचा मार्ग सर्वांत आखूड मिळतो. त्यांच्या १९९१ च्या ४७ क्रमांकाच्या ॲप्लिकेशन नोटमध्ये अशा बोर्डांची छायाचित्रं आहेत. दिसायला गबाळी, पण त्यांनी मोजलेले सिग्नल स्वच्छ. त्यांचं पसाऱ्याने भरलेलं टेबल कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमने प्रदर्शनात मांडलं होतं. विद्यार्थ्याला नीटनेटक्या वायरींचे मार्क देणाऱ्या प्रत्येक परीक्षकाने ती छायाचित्रं बघावीत.

आता छापील सर्किट बोर्डाचा (पीसीबी) आराखडा काढायला ‘कायकॅड’सारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे पहिला नमुनाच थेट पीसीबीवर करणं शहाणपणाचं. पण बोर्डावर चिप बसवायला हात लागतोच, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. भरपूर फ्लक्स लावायचा. ६३/३७ चं शिसंयुक्त सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे, म्हणून शिकताना पहिलं बरं. धूर मात्र नाकात जाऊ द्यायचा नाही. हॉट एअरखाली सोल्डर पेस्ट वितळली की किंचित तिरकी बसलेली क्यूएफएन पृष्ठताणाने आपोआप सरकून जागेवर येते. हे एकदा बघितलेल्या मुलाची भीती कायमची जाते, असं माझं ठाम मत आहे.

हे कौशल्य आपल्याकडे नाही असंही नाही. तालुक्याच्या गावातला मोबाईल दुरुस्त करणारा मायक्रोस्कोपखाली बीजीए उचलतो, नवे गोळे बसवतो, पुन्हा चिकटवतो. फक्त त्याला कॉलेजात कुणी बोलवत नाही. एका चांगल्या ऑसिलोस्कोपच्या किमतीत हॉट एअर आणि साधा मायक्रोस्कोप असलेली अनेक टेबलं उभी राहतात. प्राचार्यांनो, येत्या सत्रात निदान एक टेबल मांडा, आणि पहिला तास त्या दुरुस्तीवाल्याला मानधन देऊन घ्यायला सांगा.