'माझ्याविषयी' या चौकटीत लिहायचं तरी काय?

हा भाग ऐकायला वेळ नसेल किंवा आजूबाजूला गोंगाट असेल, तर हा घ्या पूर्ण मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, थोडा झाडून-पुसून.

मी तलवाड्यातून बोलतोय. बीड जिल्हा, गेवराई तालुका, त्वरितादेवीचं गाव. एवढ्या दोन ओळींत मी कुठला, हे तुम्हाला कळलं. आजचा विषय हाच आहे. नवं काही सुरू करताना आपली ओळख कशी लिहायची?

चॅनल काढा, पॉडकास्ट काढा, लिहायला स्वतःचं पान काढा, सगळीकडे एक रिकामी चौकट समोर येते: 'अबाउट', म्हणजे 'माझ्याविषयी'. नाव ठरवायला आपण आठवडा घालवतो, लोगोसाठी मित्राच्या मागे लागतो, आणि ही चौकट शेवटी दोन मिनिटांत भरतो. 'मी एक ध्येयवेडा तरुण असून मला लहानपणापासूनच काहीतरी वेगळं करण्याची आवड आहे...' यात खोटं काहीच नसतं. पण वाचणाऱ्याला हवं ते त्यात सापडत नाही.

अनोळखी माणूस ती चौकट उघडतो तेव्हा त्याच्या डोक्यात तीन प्रश्न असतात. हे कशाबद्दल आहे? माझ्यासारख्यासाठी आहे का? आणि या माणसाचं मी का ऐकावं? बघा, तुमचा नंबर तिसरा लागतो. आपण मात्र सुरुवातच तिथून करतो.

१८३१ सालची 'ओळख'

हे काम मोबाईल आल्यावर सुरू झालं असं नाही. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र म्हणून आपण 'दर्पण' ओळखतो. त्याचा पहिला अंक निघाला ६ जानेवारी १८३२ रोजी. म्हणून तर आपल्याकडे ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. पण त्याच्या आधीच, १२ नोव्हेंबर १८३१ ला, 'दर्पण'चं जाहीर प्रकटन आलं होतं. काय काढतोय आणि कशासाठी, हे लोकांना अगोदर सांगितलं होतं.

ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीच्या आसपासचे. म्हणजे आज हे ऐकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या वयाचे. आणि सांगितलेले हेतू मोजके: पाश्चात्त्य देशांतल्या विद्येची आपल्या लोकांना गोडी लागावी, आणि देशाच्या भल्याच्या गोष्टींवर मोकळेपणानं विचार मांडायला जागा मिळावी. पुढे अंक हातात आला तर शेजारी-शेजारी दोन स्तंभ, एक मराठी, एक इंग्रजी. हेतू सांगितला तो पानावर दिसला. 'दर्पण' १८४० पर्यंत चाललं.

यातून घ्यायचं काय? ओळख आधी लिहा, काम नंतर सुरू करा. दोन वाक्यांत हेतू सांगता येत नसेल, तर तो आपल्यालाच अजून नीट कळलेला नाही.

'आधीच इतके आहेत, तू कशाला?'

नव्या माणसाला हा प्रश्न टोचतो. स्वयंपाकाचे चॅनल हजार, शेतीचे हजार, स्पर्धा परीक्षेचे तर विचारूच नका. याचं उत्तर लिहायला शिकायचं असेल तर 'मूकनायक' बघा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाक्षिक ३१ जानेवारी १९२० ला मुंबईत सुरू केलं. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पहिल्या अंकातल्या अग्रलेखाचं नाव 'मनोगत'.

त्यात बाबासाहेब हाच प्रश्न घेतात. इतर वृत्तपत्रं असताना हे कशाला? उत्तर असं की बहुतेक पत्रं ठरावीक जातींचं हित बघतात, बहिष्कृतांच्या सुखदुःखाला तिथे जागा नाही. पण 'दीनमित्र', 'जागरूक', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोधपत्रिका' अशा पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांची चर्चा होते, हेही ते नावं घेऊन मान्य करतात. मग सांगतात की त्यांना इतरही विषय असतात, म्हणून या प्रश्नांना पुरेशी जागा मिळणं शक्य नाही. त्यासाठी स्वतंत्र पत्र हवं.

किती सरळ आहे बघा. दुसऱ्याला शिव्या नाहीत, 'आम्हीच पहिले' नाही. रिकामी जागा कुठे आहे ते दाखवलं, आणि तिथे आम्ही उभे राहतोय असं सांगितलं. तुमच्या ओळखीत हे एक वाक्य हवंच.

गावाचं नाव लपवू नका

आपल्याकडची काही पोरं गावात राहून 'पुणे' लिहितात. वाटतं, तलवाडा लिहिलं तर कोण ऐकणार? अहो, भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणि'त लिहून ठेवलंय की जन्म शके १०३६ चा, ग्रंथ केला छत्तिसाव्या वर्षी, गाव सह्याद्रीजवळचं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी गोदावरीच्या दक्षिण काठाचा उल्लेख येतो, राजाचा येतो, गुरुपरंपरा येते. आपला गेवराई तालुकाही गोदावरीच्या दक्षिणेलाच आहे. कुठून बोलतोय हे सांगणं आपल्याकडे जुनं आहे, आणि त्यानं बोलण्याला वजन येतं.

आता एक उदाहरण करून बघू

समजा, आपल्या भागातल्या एका मुलीला ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी पॉडकास्ट सुरू करायचाय. पहिला खर्डा असा:

'नमस्कार! समाजातील विविध विषयांवरील दर्जेदार आशय आपल्यापर्यंत पोहोचवणे हेच आमचे ध्येय. लाइक, शेअर आणि सबस्क्राइब करा!'

आता कारखान्याजवळच्या कोपीत एक बाई दिवसभर मोळ्या वाहून आलीय. मोबाईलला थोडंच चार्जिंग उरलंय. हे वाचून ती थांबेल का? नाही थांबणार. तिच्यासाठी यात काहीच नाही. दुसरा खर्डा:

'ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांसाठी आणि गावात राहिलेल्या त्यांच्या मुलांसाठी. दर रविवारी संध्याकाळी, दहा मिनिटं. हंगामी वसतिगृहात नाव कसं घालायचं, शाळेचे कागद कोणते लागतात, उचलीचा हिशेब वहीत कसा ठेवायचा, हे आपल्या बोलीत सांगते. मी तलवाड्याची. माझे आईवडील बारा हंगाम कोयत्यावर गेले, मी आजीजवळ राहून शिकले. मी वकील नाही, साहेब नाही. विचारून आणि कागद बघून सांगते. चुकलं तर पुढच्या भागात दुरुस्त करते.'

फरक कुठे पडला? पहिल्याच ओळीत कुणासाठी, ते आलं. 'विविध विषय' जाऊन तीन नेमक्या गोष्टी आल्या. 'दांडगा अनुभव' असं न म्हणता 'बारा हंगाम' म्हटलं, मग अनुभव वेगळा सांगावा लागला नाही. आणि 'मी वकील नाही' या कबुलीनं विश्वास वाढला, कारण आपली हद्द माहीत असलेला माणूस थापा मारत नाही.

'दर रविवारी' हा शब्द मात्र जपून. ती बाई पोराच्या वसतिगृहाचा अर्ज तुमच्या भरवशावर ठेवेल आणि तुम्ही ऐन हंगामात गायब व्हाल, तर पोराचं वर्ष जाईल. जमत नसेल तर 'महिन्यातून एकदा' लिहा. ओळख म्हणजे दिलेला शब्द. पाळता येईल तेवढाच द्यावा.

जाता जाता चार गोष्टी

एक, मोबाईलवर पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं 'आणखी' दाबल्यावर. महत्त्वाचं वर घ्या.

दोन, संपर्क द्या, पण घरचा नंबर नको. मुलींनी तर नकोच. वेगळा ईमेल काढा.

तीन, घरच्यांची गोष्ट लिहिण्याआधी त्यांना विचारा. आईवडिलांचे कष्ट तुम्हाला अभिमानाचे वाटतात, पण उचल किती घेतली होती हे चारचौघांत यावं की नाही, ते त्यांनी ठरवायचं.

चार, वर्षातून एकदा उघडून बघा. काम बदलतं, ओळख तशीच राहते, मग वाचणारा फसतो.

आता तुमच्याकडे काम. आज रात्री पाच ओळी लिहा आणि घरातल्या अशा माणसाला वाचून दाखवा, ज्याला तुमच्या या उद्योगातलं काहीच माहीत नाही. मग एकच विचारा: 'हे कशाबद्दल आहे, सांग बरं?' त्यानं बरोबर सांगितलं तर चौकट भरा. तो 'छान आहे' म्हणाला तर पुन्हा लिहा.

चला, थांबतो. पुढच्या भागात भेटू.