चायनीजच्या भट्टीमागे

मुंबईतल्या कुठल्याही चायनीज हॉटेलात घड्याळ लावून बसा. ‘एक मांचाव, वन बाय टू’ असं सांगितल्यापासून दोन वाडगे टेबलावर येईपर्यंत पाच-सात मिनिटं जातात. सूप संपतं न संपतं तोच फ्राइड राइस येतो, आणि ‘ड्राय की ग्रेव्ही?’ या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळे होतो तेवढ्यात मंच्युरियनही. घरी साधा फोडणीचा भात करायचा म्हटलं तरी एवढा वेळ कांदा चिरण्यातच जातो.

अशा प्रत्येक टेबलावर एक जाणकार असतो. सिंगापूर किंवा शांघायला एकदा जाऊन आलेला. मिरच्यांच्या व्हिनेगरची बाटली बाजूला सारत तो सांगतो, ‘हे काही खरं चायनीज नव्हे.’ हा माणूस मेन्यूकार्ड वाचून बोलत असतो. मधलं दार ढकलून तो आत डोकावला, तर गप्प बसेल असं मला वाटतं. कारण खाण्याचं मूळ नावात शोधण्यापेक्षा हातात शोधावं, आणि त्या भट्टीपुढचे हात जे काही करत असतात ते थेट चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून आलेलं आहे.

आधी आग बघू. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण दोन-अडीच किलोवॉट उष्णता देतो. चायनीजची भट्टी त्याच्या दहापट, कधी त्याहूनही जास्त. खालून ब्लोअर हवा फुंकत असतो, म्हणून तो कानठळ्या बसवणारा आवाज. त्यावर पातळ पोलादाची, गोल बुडाची कढई. एवढ्या आगीवर भात दोन क्षण स्थिर राहिला तर कोळसा होईल. उपाय एकच, भाताला खाली बसूच द्यायचं नाही.

हे नेमकं कसं जमतं, याचा अभ्यास अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या हंगतांग को आणि डेव्हिड हू या दोघांनी केला. त्यांनी तैवान आणि चीनमधल्या आचाऱ्यांचं काम चित्रित केलं, कढईची एकेक हालचाल मोजली आणि २०२०मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. आचारी सेकंदाला सुमारे २.७ वेळा भात उडवतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे एका झेपेला जेमतेम सेकंदाचा तिसरा हिस्सा. आपल्याला वाटतं, आचारी कढई उचलून आपटतोय. खरं तर तो ती उचलतच नाही. कढई भट्टीच्या काठावर टेकलेली असते आणि त्या टेकूवर ती एकाच वेळी दोन गोष्टी करते. पुढे-मागे सरकते आणि वर-खाली कलते. या दोन हालचालींत किंचित अंतर ठेवलेलं असतं, आणि सगळी कला त्या अंतरात आहे. त्यामुळे शितं उडतात, हवेत वळतात आणि उठली तिथे न पडता दुसरीकडे पडतात. तळाचा भात वर, वरचा तळाशी. त्या शोधनिबंधानुसार या पद्धतीने पदार्थ १,२०० अंश सेल्सिअसपर्यंतची आच सोसतो आणि तरी करपत नाही. क्षणभर चटका, क्षणभर हवा. चिनी हॉटेलांतल्या आचाऱ्यांना खांदेदुखीचा त्रास फार होतो. हे काम यंत्राकडून करून घेता येईल का, हाही या अभ्यासामागचा एक हेतू होता.

भात हवेत असतो तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. तेलाचे बारीक तुषार कढईच्या काठावरून ज्वाळेत जातात आणि भपकन पेटतात. शितांवरचं पाणी उडून जातं, सोया सॉसमधली साखर आणि प्रथिनं तापल्या धातूला लागून तांबूस होतात. या सगळ्यांतून जो धुरकट, खरपूस वास येतो त्याला दक्षिण चीनमधल्या कँटनचे लोक ‘वोक हे’ म्हणतात. तो घरी येत नाही. आपली शेगडी त्याला पुरी पडत नाही, एवढंच त्याचं कारण. गाडीवरच्या पोऱ्याचा राइस आपल्यापेक्षा चविष्ट होतो म्हणून सुगरणींनी वाईट वाटून घेऊ नये.

आणि तो भात मुळात शिळा असतो. ताज्या भाताच्या शितांवर फुगलेला, चिकट स्टार्च असतो. भात गार झाला की त्या स्टार्चचे लांब रेणू पुन्हा एकमेकांना धरून घट्ट बसतात आणि शीत टणक होतं, सुटं होतं. रात्रीच्या भाताचाच फोडणीचा भात करावा, हे आपल्या घरांत न सांगता कळलेलं असतं. त्याचं शास्त्र हेच.

स्टार्चचा खरा खेळ मात्र कॉर्नफ्लॉवरमध्ये आहे. चिकनचे पातळ काप कॉर्नफ्लॉवर, अंड्याचा पांढरा बलक आणि मीठ यांत घोळवून थोडा वेळ ठेवतात. मग ते बेताच्या गरम तेलातून किंवा उकळत्या पाण्यातून नुसते काढतात. बाहेर एक पातळ मऊ आवरण धरतं, आतला रस आत राहतो आणि पुढे भट्टीवर कितीही आग लागली तरी मांस चिवट होत नाही. हे सकाळीच करून ठेवलेलं असतं. भाज्या एकसारख्या चिरलेल्या, नूडल्स उकडून तेल लावून ठेवलेल्या, आलं-लसणाचे डबे हाताशी. पाच मिनिटांचं गुपित असं सकाळच्या चार तासांत असतं.

ग्रेव्हीची चकाकीही कॉर्नफ्लॉवरचीच. पाण्यात कालवलेली ही पूड साठ-सत्तर अंशांच्या पुढे गेली की तिचे कण पाणी पिऊन फुगतात, रस्सा दाटतो आणि पारदर्शक होतो. म्हणून ती अगदी शेवटी घालायची. उकळत ठेवली की फुगलेले कण फुटतात आणि रस्सा पुन्हा पातळ होतो. व्हिनेगरसारख्या आंबट पदार्थानेही तेच होतं, म्हणून हॉट अँड सावर सूपमध्ये व्हिनेगर उतरवताना पडतं. गंमत म्हणजे मका अमेरिका खंडातला. चीनला तो सोळाव्या शतकापर्यंत ठाऊकच नव्हता.

अजिनोमोटोबद्दल थोडक्यात. टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळं काढलं, आणि पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो या नावाने बाजारात आलं. पिकलेला टोमॅटो, मुरलेलं चीज यांतही ते भरपूर असतं. १९६८मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं छोटंसं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, अशी तक्रार. तेवढ्यावर साऱ्या जगात ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’ पसरला. काय खातोय हे न सांगता लोकांवर प्रयोग केले, तेव्हा मात्र ही लक्षणं खात्रीने दिसली नाहीत. इटालियन हॉटेलात चीज खाऊन कुणाची मान दुखल्याचं ऐकलंय? मला तरी या भीतीत चवीपेक्षा परकेपणाचा वाटा मोठा दिसतो.

परकेपणावरून माझगाव आठवतं. तिथे नवाब टँक रोडजवळ १९१९मध्ये बांधलेलं सी यप कून हे चिनी देऊळ आहे. ग्वांगडाँग प्रांतातल्या चार परगण्यांतून आलेल्या खलाशांचं आणि कारागिरांचं. आत गुआन गाँग हा शूर योद्धा देव म्हणून बसलेला. त्या काळी कामाठीपुऱ्यातल्या सुखलाजी स्ट्रीटला चिनी वस्ती होती. दातांचे डॉक्टर, चपला करणारे, पुढे ब्यूटी पार्लरवाल्या आणि खानावळी चालवणारे. चर्चगेटचं कामलिंग आणि कुलाब्याचं नानकिंग ही याच लोकांनी काढलेली हॉटेलं. १९६२चं युद्ध झालं आणि सगळं फिसकटलं. देशभरातल्या, विशेषतः आसाम आणि बंगालमधल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांतले कितीतरी जण इथेच जन्मलेले होते. सुटल्यावर अनेकांनी देश सोडला. जे राहिले त्यांचं खाणं मात्र पुढच्या वीस वर्षांत गल्लोगल्ली पोचलं, हे मला आजही नवलाचं वाटतं.

त्या पोचण्यात नेल्सन वाँग यांचा वाटा मोठा. कोलकात्यात चिनी घरात जन्मलेला हा आचारी १९७५मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात होता. कुणीतरी काहीतरी नवीन मागितलं. वाँगनी आलं, लसूण, हिरवी मिरची बारीक चिरून परतली. इथपर्यंत आपलंच वाटण. पण गरम मसाल्याऐवजी त्यांनी सोया सॉस घातला, तळलेले चिकनचे तुकडे सोडले आणि कॉर्नफ्लॉवरने रस्सा दाटवला. तेच चिकन मंच्युरियन. मांचुरिया या ईशान्य चीनमधल्या प्रदेशाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पुढे शाकाहाऱ्यांसाठी चिकनच्या जागी फ्लॉवर आला आणि तो इतका पसरला, की २०२४मध्ये म्हापशाच्या नगरपालिकेने कृत्रिम रंग आणि अस्वच्छता यांवर बोट ठेवून जत्रेतल्या गाड्यांवर गोबी मंच्युरियनला बंदी घातली.

खऱ्या मांचुरियाची आठवण मात्र चिनी हॉटेलात एका वेगळ्या वस्तूने व्हावी. १९१०-११मध्ये तिथे फुप्फुसांच्या प्लेगची भीषण साथ आली होती. मलायातल्या पेनांगचे डॉ. वू लिएन-तेह यांनी ती आटोक्यात आणली. कापडी मास्क घाला, हा त्यांचाच आग्रह. एका भांड्यातून साऱ्यांनी चॉपस्टिक घालून खाण्याची रीत त्यांना खुपायची. म्हणून त्यांनी टेबलाच्या मध्ये फिरती तबकडी आणि प्रत्येक पदार्थाला वेगळा वाढायचा चमचा असा उपाय सुचवला. मोठ्या चायनीज हॉटेलात मुलं जी तबकडी गरगरा फिरवून आईवडिलांची बोलणी खातात, तिच्या वंशावळीत हा प्लेगचा डॉक्टर आहे.

आता शेजवान. या चवीचं नाव चीनच्या सिचुआन प्रांताचं. १९७०च्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या गोल्डन ड्रॅगनने सिचुआनी पदार्थ मुंबईत आणले आणि मुंबईला तिखटाची वाट सापडली. तिथून खाली उतरत उतरत जी लाल चटणी तयार झाली ती आज डोशात, वडापावात, चायनीज भेळेत सगळीकडे आहे. भिजवून वाटलेल्या सुक्या मिरच्या, भरपूर लसूण, आलं, तेल, व्हिनेगर, साखर. चांगली लागते. पण सिचुआनची जी खूण, ती बहुधा तिच्यात नसतेच.

ती खूण म्हणजे सिचुआनी मिरी. ही मिरीही नव्हे आणि मिरचीही नव्हे. लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या एका काटेरी झाडाच्या बारक्या फळांची ती सुकलेली साल. लिंबाशी नातं इतकं जवळचं, की संत्र्यांच्या बागांना रोग लागेल या भीतीने अमेरिकेने १९६८पासून २००५पर्यंत तिची आयात बंद ठेवली होती. ही साल जिभेवर ठेवली की आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग थोडा कडूपणा, आणि मग ओठ चक्क थरथरायला लागतात. खरंखुरं हलत काहीच नाही. सालीतलं सँशूल नावाचं द्रव्य त्वचेतल्या स्पर्शाच्या चेतातंतूंना फसवतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३मध्ये हे मोजलं. लोकांच्या ओठाला ही मिरी लावली आणि बोटाला एक कंप पावणारं यंत्र. ओठातली झिणझिण आणि बोटावरचा कंप जुळेपर्यंत यंत्र कमी-जास्त केलं. आकडा निघाला सेकंदाला सुमारे ५० कंपनं. मिरची भाजल्याचा भास करते, ही मिरी हलल्याचा. सिचुआनमधल्या चेंग्डूच्या खानावळीत दोन्ही एकत्र येतात. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, चीनलाही ती सोळाव्याच शतकात कळली. झिणझिण मात्र तिथे त्याच्या कितीतरी आधीपासूनची.

कोकणातल्या वाचकांना एव्हाना शंका आली असेल. काटेरी झाड, बारकं फळ, आत काळी बी, सालीला लिंबासारखा वास, ओठाला झिणझिण्या. हे तर आपलं तिरफळ. बरोबर आहे. सिचुआनी मिरी आणि तिरफळ ही झँथोझायलम या एकाच प्रजातीतली सख्खी भावंडं आहेत. गोव्यात त्याला तेफळ म्हणतात. बांगड्याच्या किंवा तारल्याच्या कालवणात ती चार-सहा फळं ठेचून घातली नाहीत तर मालवणी माणूस जेवताना कुरकुरतो. (त्रिफळा चूर्णाशी याचा काही संबंध नाही. हे मुंबईच्या वाण्याला तीन वेळा सांगावं लागतं.)

म्हणजे हिशोब असा होतो. दादरच्या हॉटेलात ‘ट्रिपल शेजवान’ खाणाऱ्याला सिचुआनची खूण मिळत नाही. त्याच रस्त्यावरच्या मालवणी खानावळीत बांगडा खाणाऱ्याला तिची बहीण मिळते. आणि आपल्या त्या जाणकाराला ‘खरं चायनीज’ हवं असेल, तर कढईवरचे हात कँटनचे, सोया सॉससोबतची आलं-मिरची इथली आणि ओठावरची झिणझिण सिंधुदुर्गातली, असं ते तीन टेबलांवर विखुरलेलं आहे. नकली म्हणण्याजोगं त्यात बाटलीतल्या लाल रंगाखेरीज काहीच नाही.

घरी करून बघा. डझनभर सुकी तिरफळं फोडून काळ्या बिया टाकून द्या, त्या नुसत्या दाताखाली कचकचतात. साली कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, गार झाल्यावर खलबत्त्यात कुटा आणि शेजवान राइसवर चिमूटभर भुरभुरा. पहिल्यांदा खाणाऱ्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो ओठ चाचपत बसेल.