चिरे उचलणाऱ्या यारीचें मूळ : बाथ येथील एक कारखाना

सनदा, महजर व बखरी यांचा संग्रह करणारे आमचे वाचक लोहाराच्या वहीस सहसा हात लावीत नाहींत. परंतु कारखानदारीचा इतिहास अशाच वह्यांतून व नकाशांतून लिहावा लागतो. इंग्लंडांतील बाथ येथील ‘स्टोथर्ट आणि पिट’ या यारी करणाऱ्या कारखान्याचें उदाहरण आम्ही याच हेतूनें येथें घेतलें आहे.

या कारखान्याची स्थापना जॉर्ज स्टोथर्ट यांनीं १७८५ त केली असें मानतात. परंतु त्या वेळीं तेथें यारी होत नसे. स्टोथर्ट हे लोखंडी सामानाचे दुकानदार असून कोलब्रुकडेल येथील ओतीव मालाची अडत करीत. स्वतंत्र ओतशाळा निघाली ती १८१५ त. म्हणजे स्थापनेचें साल एक आणि धंद्याचें मूळ दुसरें. तें मूळ आमच्या मतें शहराबाहेरील खाणींत शोधिलें पाहिजे.

बाथचा पिवळसर चुनखडी दगड खाणींत मऊ असतो व करवतीनें कापतां येतो. त्याचा पहिला चिरा काढणें हेंच कठीण, कारण त्याच्या मागें हात पोंचत नाहीं. म्हणून त्याच्या दर्शनी अंगास आंत रुंद होत जाणारें भोंक पाडून त्यांत लोखंडी पाचरी बसवीत; साखळी ताणली कीं पाचरी फांकून अधिकच घट्ट बसत. मग खाणीच्या जमिनीपासून छतापर्यंत रोंवलेल्या यारीनें चिरा प्रथम आडवा ओढीत व नंतर उचलीत. राल्फ ॲलन यांनीं आपल्या खाणींतील चिरे एव्हन नदीपर्यंत उतरविण्यास १७३१ च्या सुमारास जॉन पॅडमोर याजकडून लांकडी रुळांचा मार्ग बांधविला. त्यावरील गाड्यांचें वर्णन डेसाग्युलिअर्स यांच्या ग्रंथांत आहे. याच पॅडमोरनें १७३५ त ब्रिस्टल येथें मोठी यारी उभारली. अशा मुलखांत ओतशाळेस गिऱ्हाईक दुरून आणावें लागलें नसावें, असा आमचा तर्क आहे.

रॉबर्ट पिट हे येथें उमेदवारी करून पुढें भागीदार झाले. १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनांत कारखान्यानें हातयारी मांडली. १८५७ त न्यूआर्क वर्क्स ही इमारत झाली. तिचा शिल्पकार थॉमस फुलर यानेंच पुढें कानडाच्या पार्लमेंटाची इमारत योजिली. ब्रिस्टलच्या गोदीवरील ३५ टनी वाफेची यारी १८७८ ची असून ती अद्याप उभी आहे.

समुद्रांत प्रचंड ठोकळे मांडणाऱ्या ‘टायटन’ यारींमुळें कारखान्याचें नांव विशेष झालें. हा प्रकार आपणांस परका नाहीं. त्या काळीं मुंबई इलाख्यांत असलेल्या कराची बंदराचा मनोरा येथील बांध विल्यम पार्क्स यांच्या योजनेनें १८७३ त पुरा झाला; त्याचे २७ टनी ठोकळे टायटननेंच बसविले होते.

कारखाना १९८९ त बंद पडला. आमच्या बंदरांच्या धक्क्यांवर व जुन्या रेल्वेगोदामांत कोणत्याहि कारखान्याची हातयारी आढळल्यास तिच्या ओतीव पट्टीवरील कर्त्याचें नांव, साल व क्रमांक यांचा कागदावर ठसा उतरून घ्यावा, अशी वाचकांस विनंति आहे. ताम्रपट वितळविणारा आज विरळा. अशा पट्ट्या मात्र भंगाराच्या भावानें विकल्या जातात.