दोन गोळे आणि हेमचंद्राचे आकडे

गोंदिया जिल्ह्यात ज्याच्या धानाच्या बांधीवर सिंगल फेजची मोटार आहे, त्याला कॅपॅसिटर वेगळा सांगावा लागत नाही. तो गेला की मोटार नुसती घूं घूं करते, फिरत नाही. पण कॅपॅसिटर व्हायला डबाच लागतो असे नाही. धातूच्या दोन वस्तू आणि मध्ये हवा एवढे पुरे. एका व्होल्टच्या फरकाला त्यांच्यावर जेवढा विद्युतभार मावतो, ती त्यांची धारकता.

तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात 660 मेगावॅटचे पाच संच आहेत. तिथली वीज 765 केव्हीच्या लाइनींवरून पश्चिमेकडे जाते. या तारांमध्ये आणि तारा व जमीन यांच्यामध्येही धारकता असतेच. लांब लाइनीवर विजेची मागणी कमी असली की या धारकतेमुळे पलीकडच्या टोकाचा विद्युतदाब चढतो. तो आवरायला सबस्टेशनात रिअॅक्टर, म्हणजे मोठी वेटोळी, बसवतात. किती मोठे, हे धारकता काढल्याशिवाय ठरत नाही.

हे गणित समजून घ्यायला दोन गोळे बरे. एकट्या गोळ्याची धारकता त्रिज्येवरून लगेच निघते. एक सेंटिमीटर त्रिज्येला साधारण 1.1 पिकोफॅरड. समोर दुसरा गोळा आला की मात्र भार पृष्ठभागावर सारखा पसरून राहत नाही. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात आणि समोरासमोरच्या बाजूंना गोळा होतात. फ्रान्सच्या प्वासाँने 1812 मध्ये यावर किचकट गणित मांडले. 1845 मध्ये एकवीस वर्षांच्या विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, सोपी युक्ती काढली: प्रतिबिंबांची. समोरच्या गोळ्याऐवजी त्याच्या आत एक काल्पनिक बिंदूभार मानायचा, विरुद्ध चिन्हाचा आणि मूळ भाराच्या 'त्रिज्या भागिले अंतर' एवढ्या पटीचा.

दहा सेंटिमीटर त्रिज्येचे दोन गोळे घ्या, केंद्रांत अंतर तीस सेंटिमीटर. एकावर धन भार, दुसऱ्यावर तेवढाच ऋण. पहिल्याच्या केंद्रातला भार 1 माना. दुसऱ्या गोळ्यात त्याचे प्रतिबिंब पडते 1/3 एवढे, केंद्रापासून त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्यावर, पहिल्याच्या बाजूला सरकलेले. आता पहिल्याच्या केंद्रापासून ते त्रिज्येच्या 8/3 पट दूर. म्हणून त्याचे प्रतिबिंब 1/3 च्या 3/8 पट, म्हणजे 1/8. पुढे 1/21, 1/55, 1/144.

छेदांकडे नीट पाहा. 1, 2, 3, 5, 8, 13, 21, 34, 55 या मालिकेतला एकाआड एक आकडा इथे आला आहे. जगात ही मालिका फिबोनाचीच्या नावाने चालते. पण लघु-गुरूंनी मात्रा किती तऱ्हांनी भरता येतात हे मोजताना आपल्याकडच्या छंदशास्त्रकारांनी, विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने, ती आधीच मांडली होती. अंतर त्रिज्येच्या नेमके तिप्पट असेल तरच हे आकडे येतात. अंतर बदलले की छेद बदलतात.

दुसऱ्याच्या केंद्रातल्या भारापासूनही अशीच मालिका निघते. दोन्ही गोळे सारखे असल्याने प्रत्येकावर या सगळ्या पदांची बेरीज येते, 1.535. फार लांब ठेवले असते तर दोघांमधली धारकता एकट्या गोळ्याच्या निम्मी, 5.56 पिकोफॅरड असती. आता ती 8.54 झाली. पहिल्या पाच पदांतच उत्तर एक टक्क्याच्या आत येते. गोळे चिकटत आले की मात्र पदे वाढत जातात.

टॉवर, तारा, कोरोना रिंग (इन्सुलेटरच्या टोकाचे धातूचे कडे) यांच्या वेड्यावाकड्या आकारांना अशी सुटसुटीत मालिका मिळत नाही. तिथे संगणक लागतो. पण संगणकाने काढलेले बरोबर आहे का, हे पडताळायला आधी दोन गोळ्यांचे गणित त्याला घालून बघता येते. त्याचे उत्तर आपल्याकडे कागदावर तयार आहे.