‘हाताने तर चालतं!’

तेलीबांध्याला तलावामागच्या गल्लीत एक कर सल्लागाराचं ऑफिस आहे. तिथला लिनक्सचा पीसी सुरू झाला की दूरच्या सर्व्हरवरचं फोल्डर आपोआप जोडलं जावं, एवढीच त्यांची मागणी. साधन एसएसएचएफएस. आणि तक्रारीचं वाक्य ठरलेलं: “दादा, हाताने कमांड दिली तर लगेच चालतं. मग सुरू होताना का नाही?” हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता उत्तर लिहूनच काढतो.

गैरसमज असा: टर्मिनलमध्ये जे चाललं, तीच ओळ एफएसटॅब फाइलमध्ये टाकली की बूटच्या वेळीही चालणार.

नाही चालणार. ओळ तीच असली तरी ती चालवणारा माणूस बदललेला असतो. हाताने कमांड देता तेव्हा तुम्ही लॉगिन केलेलं असतं. तुमची एसएसएचची किल्ली तुमच्या होम फोल्डरात असते, तिचा पासफ्रेज एजंटने लक्षात ठेवलेला असतो, आणि ‘हा सर्व्हर ओळखीचा आहे का?’ या प्रश्नाला तुम्ही कधीतरी ‘येस’ म्हणून मोकळे झालेले असता. बूटच्या वेळी हे काम करतो रूट. त्याचं घर वेगळं, त्याच्या ओळखीच्या सर्व्हरांची यादी कोरी, एजंट नाही. सर्व्हर ओळखीचा का, हा प्रश्न तेव्हाही पडतो, पण उत्तर द्यायला कीबोर्डसमोर कुणीच नसतं.

म्हणून आयडेंटिटीफाइल या पर्यायात किल्लीचा पूर्ण पत्ता लिहायचा. तिथे ‘~’ टाकून भागत नाही, कारण त्या क्षणी ‘~’ म्हणजे रूटचं घर. मग एकदाच ‘सुडो’ लावून एसएसएचने त्या सर्व्हरला जायचं, ठसा जुळतोय का ते पाहायचं आणि मगच ‘येस’. तपासणीच बंद करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दारावरचा वॉचमन फार प्रश्न विचारतो म्हणून त्याला घरी पाठवण्यातली ही गत आहे. किल्ली बिनपासफ्रेजची ठेवावी लागते हे खरं. पण ती फक्त याच कामासाठी वेगळी बनवा आणि सर्व्हरवर तिला एसएफटीपीपुरतंच बांधून ठेवा.

एवढं करूनही फोल्डर रिकामं? मग दुसरी समजूत पुढे येते: “एफएसटॅबमध्ये _नेटडेव लिहिलंय ना, म्हणजे नेट आल्यावरच जोडेल.” नेट ‘आलं’ म्हणजे नक्की काय, याचं एकच उत्तर नाही, हे बूटच्या वेळी ही जोडणी करणाऱ्या सिस्टमडीच्या स्वतःच्या दस्तऐवजातच सांगितलंय. वीज जाऊन परत येते तेव्हा एसएसडीवाला पीसी अर्ध्या मिनिटात उठतो. राउटर त्याला आयपी देऊनही टाकतो, पण बाहेरची लाइन जुळायला आणखी मिनिट-दोन मिनिटं जातात. पीसीच्या लेखी नेट आलेलं असतं. सर्व्हरपर्यंत मात्र कुणी पोचत नाही. जोडणी फसते आणि कुणाला कळतही नाही.

या ऑफिसात ते आठ दिवस कळलं नाही. मुलं व्हाउचरं स्कॅन करून त्याच नावाच्या फोल्डरात टाकत होती, आणि सगळं पीसीच्या डिस्कवर साठत होतं. नवव्या दिवशी जोडणी झाली आणि आठ दिवसांच्या फायली ‘गायब’! गायब कुठल्या? जोडलेलं फोल्डर वर येऊन बसतं तेव्हा खालचं झाकलं जातं, इतकंच. जोडणी सोडवली, सगळ्या फायली जागच्या जागी. कर सल्लागार काकांचा चेहरा मात्र बराच वेळ पांढराच होता.

माझ्या मते यावर उपाय एकच: सुरू होताना जोडायचंच नाही. एफएसटॅबच्या ओळीत ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ लिहायचं. मग फोल्डरला कुणी पहिल्यांदा हात लावला की जोडणी होते. तेव्हा सर्व्हर सापडला नाही तर एरर येते, पण फाइल गुपचूप स्थानिक डिस्कवर पडत नाही.

‘परमिशन डिनाइड’ दिसलं की चमॉड ७७७, हा तर महान उपाय! एसएसएचएफएस ज्यावर चालतं त्या फ्यूजचा नियमच असा आहे की ज्याने जोडलं त्यालाच दिसणार. रूटने जोडलंय, तर ‘अलाउ_अदर’ लिहा, सोबत युआयडी, जीआयडी आणि ‘डिफॉल्ट_परमिशन्स’ द्या. जोडलेल्या फोल्डरात चालवलेलं चमॉड थेट पलीकडच्या सर्व्हरवर लागू होतं, एवढं तरी ध्यानात ठेवा.

‘रीकनेक्ट’ लिहिलं की लाइन तुटल्यावर आपोआप सावरतं? तुटली हे आधी कळायला तर हवं. एसएसएचच्या मॅन्युअलप्रमाणे सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल मुळात शून्य, म्हणजे बंद असतो. तो १५ ठेवा; तीन हाका वाया गेल्या की साधारण ४५ सेकंदांत जोडणी तुटल्याचं मान्य होतं. तोवर विंडो गोठलेली दिसेल, वैतागून पीसी बंद करू नका.

आणि हे जोडलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इथे डिलीट म्हणजे तिथेही डिलीट.

‘माउंट -ए’ चाललं म्हणजे बूटलाही चालेल, यावरही माझा विश्वास उरलेला नाही. हल्ली त्या ऑफिसात गेलो की मी भिंतीवरचा मेन स्विचच बंद करतो, काका हां हां म्हणेपर्यंत. मग स्विच चालू करायचा, पीसी उठू द्यायचा आणि राउटरचा शेवटचा दिवा लागायच्या आत फोल्डर उघडायचं. एरर आली की मी खूश. दोन मिनिटांनी पुन्हा उघडलं आणि व्हाउचरं दिसली, की मग चहा.