हिपॅटायटिस सी ‘आपोआप गेला’ म्हटले, तरी पुन्हा तपासा

कावीळ म्हटली की डोळे पिवळे झालेला माणूस आठवतो. पण काविळीचा एक प्रकार असा आहे, जो बहुतेक वेळा डोळे पिवळे न करताच वर्षानुवर्षे लिव्हर खराब करत राहतो. तो म्हणजे हिपॅटायटिस सी. त्याचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. ज्यांना एचआयव्ही आहे, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी याविषयी नीट माहिती घ्यावी, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

हा विषाणू रक्तातून पसरतो. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचणे, न तपासलेले रक्त, गोंदणाची सुई, दुसऱ्याचा वस्तरा ही त्याची वाट. बाळंतपणात आईकडून बाळालाही तो जाऊ शकतो. २०१८ साली उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ भागात अनेकांना एचआयव्ही असल्याचे उघड झाले. तिथे एकच सुई अनेकांना वापरल्याचा आरोप झाला. आपल्याकडेही ताप आला की ‘सुई द्या’ म्हणण्याची सवय आहे. सुई खरेच लागते का हे आधी विचारा, आणि लागलीच तर नवे पाकीट डोळ्यांसमोर फोडायला सांगा.

तपासण्या दोन आहेत. पहिली अँटिबॉडीची. हा विषाणू कधीतरी शरीरात आला होता, एवढेच ती सांगते. माणूस बरा झाला तरी ती बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह येते. दुसरी आरएनएची, म्हणजे व्हायरल लोडची. विषाणू आज रक्तात आहे की नाही, हे तिच्यावरून कळते. म्हणून पहिल्या रिपोर्टवर घाबरू नका आणि तिथेच थांबूही नका.

लागण झालेल्या शंभरांपैकी साधारण तीस जणांचा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत औषधाविना निघून जातो. एचआयव्ही असलेल्यांमध्ये हे कमी जणांत घडते, कारण प्रतिकारशक्ती दुबळी झालेली असते. शिवाय काहींच्या रक्तात एका तपासणीत विषाणू सापडत नाही आणि पुढे पुन्हा दिसतो. कधी तो आतच थोडा उरलेला असतो, कधी नव्याने लागण होते. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, तसे इथे नाही. या आजारावर लसही नाही. म्हणून एक आरएनए रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी डॉक्टर सांगतील तेव्हा, काही महिन्यांनी, ती तपासणी पुन्हा करून घ्यावी.

विषाणू राहिलाच तरी खचू नका. बहुतेकांना रोज गोळ्या घेऊन बारा आठवड्यांत तो जातो. शंभरांतले पंचाण्णवहून अधिक बरे होतात. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे सरकारकडून मोफत आहेत. एआरटी केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. एचआयव्हीच्या आणि टीबीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना जरूर सांगा, कारण काही गोळ्या एकमेकींचा परिणाम बिघडवतात. एआरटी स्वतःहून बंद करू नका. दारू लिव्हरचा घात लवकर करते. पंचशीलातले पाचवे शील इथे औषधाइतकेच कामाचे आहे.

एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने किंवा मिठी मारल्याने हा आजार होत नाही. ज्या समाजाला पाण्यापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या घरात रुग्णाचा पेला वेगळा ठेवला जाऊ नये. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने भेदभावाला मनाई आहे, आणि संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची माहिती उघड करणेही चूक आहे. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर बोला.

घरात जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट पडून असेल, तर तो घेऊन या आठवड्यातच दवाखान्यात जा आणि विचारा, ‘माझी आरएनए तपासणी झाली आहे का?’